मळ्यातले जोतीराव आम्ही विसरलो काय?

२८ नोव्हेंबर आला की आमच्या बुलडाणा जिल्ह्यात गावोगावी राष्ट्रपिता जोतीराव फुले यांच्या प्रतिमेला हार चढतात. चिखलीत, मेहकरात, देऊळगाव राजात, जिजाऊंच्या सिंदखेड राजात व्याख्याने होतात. वक्ते भिडेवाड्यापासून सुरुवात करतात, गुलामगिरीवर येतात आणि सत्यशोधक समाजावर थांबतात. आम्हीही कित्येक वर्षे हेच भाषण केले आहे आणि टाळ्या घेतल्या आहेत. दुसऱ्या दिवशी हाराची सुकलेली फुले नालीत जातात. ज्या माणसाच्या घराण्याला फुलांच्या धंद्यावरून आडनाव मिळाले, त्याच्या हाराची फुलेदेखील आम्ही खताच्या खड्ड्यात टाकत नाही. मग त्याचा शेतीविचार आमच्या डोक्यात कुठून शिरणार?

हे आज लिहिण्याला कारण घडले. आमच्याकडे एका खेड्यातील बौद्धवाड्याच्या सात बाया एक नोटीस घेऊन आल्या. गावाचे नाव आम्ही घेत नाही, कारण प्रकरण चालू आहे. वस्तीला लागून ई-क्लासची एक पट्टी आहे. वर्षानुवर्षे तेथे गावाचा कचरा पडत होता. बायांनी ती साफ केली, बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले आणि मेथी, पालक, वांगी, सांबार, चवळीचे वाफे पाडले. कडेला एक खड्डा खणला. सोयाबीनचे कुटार, पालापाचोळा, चुलीची राख, मागून आणलेले शेण असे त्यात थर देऊन खत केले. मोरीचे पाणी वाफ्यात वळवले. दोन हंगाम सात घरांनी बाजारातून भाजी आणली नाही. तिसऱ्या हंगामात ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ची नोटीस आली, अतिक्रमण आणि सार्वजनिक जागेत विनापरवाना खड्डा! नोटीस वाचताना आम्हाला कायद्याच्या आधी 'शेतकऱ्याचा असूड' आठवला. त्या रात्री कपाटातून काढून तो पुन्हा वाचला. म्हणून आज शाळेतले नव्हे, मळ्यातले जोतीराव.

घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पणजोबा गावचे चौगुले होते. कुळकर्ण्याच्या जाचाला कंटाळून त्यांनी त्याचा जीव घेतला आणि गाव सोडले, असे चरित्रकार सांगतात. पुरंदर तालुक्यातील खानवडी हे पुढचे ठिकाण आणि तेथून पुणे. आजोबा शेटिबा यांची मुले फुलांच्या व्यवसायात शिरली. पेशव्यांच्या वाड्यात हार, गजरे, फुलांच्या गाद्या पुरवणारे हे लोक पुढे फुले या नावाने ओळखले जाऊ लागले. पेशव्याने इनाम दिलेली जमीन थोरल्या चुलत्याने, राणोजीने, एकट्याच्या नावावर ठेवली आणि गोविंदरावांच्या वाट्याला भाजीपाल्याचा व फुलांचा धंदा आला. भाऊबंदकीत जमीन कशी जाते हे आम्ही कोर्टात रोज पाहतो. जोतीरावांच्या घरातही तेच झाले होते.

११ एप्रिल १८२७ रोजी जोतीराव जन्मले. वर्षाच्या आत आई चिमणाबाई गेल्या. मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर यांनी मुलाला वाढवले. गोविंदरावांनी त्याला शाळेत घातले, पण माळ्याचा पोरगा शिकला तर शेतीला मुकेल, अशी भीती दुकानातील ब्राह्मण कारकुनाने घातली आणि शाळा सुटली. त्यानंतरची काही वर्षे चरित्रांत दोन ओळींत संपतात. आमच्या मते ती दोन ओळींची नाहीत. खुरपे हातात घेऊन या मुलाने वाफे केले, मोट पाहिली, खत वाहिले. पुढे तो जे शेतीबद्दल लिहितो ते कचेरीत बसून गोळा केलेले नाही, याचे मूळ येथे आहे. दिवसा मळ्यात राबून रात्री दिव्याजवळ पुस्तक घेणारा हा मुलगा शेजारच्या गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांच्या नजरेस पडला. त्यांनी गोविंदरावांची समजूत काढली आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. त्याआधी १८४० मध्ये नायगावच्या नेवसे पाटलांची सावित्री घरात आली होती.

१८४८ ची मुलींची शाळा, १८४९ मध्ये वडिलांच्या घरातून निघावे लागणे, महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा, १८६३ चे बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणे, १८७३ मध्ये 'गुलामगिरी' आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज, हे सर्व या पानाच्या वाचकांना पाठ आहे. येथे पुन्हा लिहीत नाही. प्रश्न वेगळा आहे. या माणसाचे पोट कशावर चालत होते?

सरकारी पगारावर नाही आणि देणगीवरही नाही. जोतीराव कंत्राटदार होते. येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे धरण अशा कामांशी त्यांचा व्यावसायिक संबंध होता. खडकवासल्याला दगड-चुन्याबरोबर त्यांनी मजुरांचे हाल पाहिले आणि इंजिनियर खात्यातील लाचखोरीही पाहिली. धरण झाले, मुठेचा कालवा वाहू लागला, तरी सुरुवातीला शेतकरी कालव्याचे पाणी घेईनात. पाणीपट्टीची धास्ती होती आणि नव्या पाण्याने जमीन बिघडेल अशी शंका होती. तेव्हा जोतीरावांनी पुण्याजवळ मांजरीला शेती केली, कालव्याचे पाणी घेतले आणि बागायत करून दाखवली. सत्यशोधक समाजाचा संस्थापक ऊस आणि भाजीपाला पिकवत होता! आमच्यातील किती नेत्यांनी चळवळीबरोबर एक वाफा तरी सांभाळला, हा प्रश्न आम्ही आधी स्वतःलाच विचारला. उत्तर लाजिरवाणे आले.

मधे १८७६-७७ चा दुष्काळ येऊन गेला. माणसे अन्नासाठी गाव सोडून निघाली. सत्यशोधक समाजाने धनकवडीला बालाश्रम काढून उपाशी मुलांना जेवू घातले. त्याच काळात, १८७६ ते १८८२, जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या स्वागताला हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला तेव्हा बत्तीस सभासदांपैकी एकट्या जोतीरावांचा हात विरोधात होता. भाजी मंडईची मोठी इमारत बांधण्यालाही त्यांचा विरोध होता, कारण तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांना वाटे. मंडई १८८६ मध्ये झाली, रे साहेबाच्या नावाने. आज ती महात्मा फुले मंडई आहे. ज्याने विरोध केला त्याचेच नाव इमारतीला देऊन विरोध मिटवण्याची ही आपल्याकडची जुनी रीत आहे!

माळ्याचा मुलगा मंडईला विरोध का करतो, हे 'असूड' वाचल्यावर उमजते. १८८३ मध्ये लिहिलेल्या या पुस्तकात त्यांनी भाजीची गाडी घेऊन पुण्यास निघालेल्या शेतकऱ्याचा हिशेब मांडला आहे. नाक्यावर जकात द्यायची, बाजारात दलाल भाव पाडणार आणि शेवटी गाडीभाडेसुद्धा अंगावर पडून माणूस रिकाम्या हाताने घरी जाणार. इमारत दगडाची असो की मातीची, या हिशेबात फरक पडत नव्हता.

पुस्तकाचे पहिले दोन भाग नारायण मेघाजी लोखंडे यांच्या 'दीनबंधु'त छापले गेले. पुढचे छापण्याचे धाडस झाले नाही. आपल्याच माणसाने हात आखडता घेतल्याने जोतीराव चिडले. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांपुढे मात्र त्यांनी त्याचे वाचन केले. भटशाहीवर आणि गोऱ्या अंमलदारांवर त्यात कोरडे ओढले आहेत, ते सर्वांना ठाऊक आहे. आम्हाला आज पाचव्या प्रकरणाकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे, कारण तेथे रागाइतकाच नांगराचा आणि खताचा विचार आहे.

जोतीराव म्हणतात ते आमच्या शब्दांत असे. डोंगरावरची कुजलेली पाने-फुले, मेलेल्या किड्यामुंग्या आणि जनावरे यांचे सत्त्व पावसाबरोबर खाली येते. ते ओढ्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात वाया जाते. म्हणून सरकारने रिकाम्या बसलेल्या फौजेकडून आणि पोलिसांकडून जागोजाग ताली-बंधारे अशा रीतीने घालून घ्यावेत की पावसाचे पाणी आधी शेतात मुरेल आणि मग ओढ्याला मिळेल. तळ्यांतील, ओढ्यांतील गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा. जंगलखात्याने गिळलेली गायराने गावांना परत करावीत. विहिरींना पाणी कोठे लागेल ते दाखवणाऱ्यांना बक्षिसे द्यावीत. कालव्याला तोट्या बसवून शेतकऱ्याला लागेल तेवढे पाणी द्यावे. चांगली शेती करणाऱ्यांना मानसन्मान द्यावा आणि शेतकऱ्यांच्या मुलांना परदेशांतील शेतकी शाळा दाखवून आणाव्यात.

सेंद्रिय, पाणलोट हे शब्द मराठीत रुळण्याच्या कितीतरी आधीचे हे लिखाण आहे. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला राहून, यशवंत वाड या सहकाऱ्यासह, काडीकचऱ्याचे खत करण्याची पद्धत बसवली आणि ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी नंतर नाडेपची टाकी दिली. विटांच्या भिंतीत भोके ठेवायची, सुमारे शंभर किलो शेणात चौदा-पंधराशे किलो काडीकचरा कुजवायचा, तीन-चार महिन्यांत खत तयार. ज्याच्या गोठ्यात एकही जनावर नाही त्याला हे गणित महत्त्वाचे आहे, कारण शेण मागून आणायचे तर ते पाटीभरच मिळते. आमच्या बायांकडे विटांना पैसे नव्हते. त्यांनी खड्डा खणला आणि वर पऱ्हाटीचा कूड उभा केला, एवढेच.

जोतीराव खताकडे कचरा म्हणून पाहत नाहीत. खत कोणाच्या ताब्यात आहे, ते पाहतात. गायरान गेले की चारा जातो, चारा गेला की जनावर विकले जाते. पूर्वी पाळीपाळीने पड टाकून जमिनीला विसावा मिळे, तोही राहिला नाही. साखळीचा पुढचा दुवा आम्ही जोडतो. जनावर गेले की शेण गेले, शेण गेले की खत विकत घ्यावे लागले आणि विकतच्या खताबरोबर कर्ज आले. २००६ मध्ये पंतप्रधानांच्या पॅकेजमध्ये आत्महत्याग्रस्त म्हणून जे सहा जिल्हे धरले गेले त्यांत आमचा बुलडाणा होता. कपाशी आणि सोयाबीनने शिवार भरलेले आणि चुलीजवळ भाजी नाही, हे चित्र आम्ही गावोगाव पाहतो.

शेतीसाठी जनावरे वाचली पाहिजेत म्हणून गोऱ्यांच्या पलटणींसाठी होणाऱ्या गोवधाला त्यांनी 'असुडा'त विरोध केला आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यांचा मुद्दा बैलाचा आणि शेतीच्या बळाचा होता, देवळाचा नव्हे. गाईच्या नावावर माणसे ठेचणाऱ्यांनी जोतीरावांचे ते पान हाती घेऊ नये.

आता एक अवघड गोष्ट. जोतीरावांना गुरू मानणाऱ्यांनीच ती बोलायला हवी. 'असुडा'तील शेतकरी हा कुणबी, माळी, धनगर आहे. त्याच्याजवळ थोडीबहुत जमीन आहे. गाळ फुकट मिळाला तर टाकायला त्याला वावर आहे. ज्या अतिशूद्रासाठी जोतीरावांनी घरचा हौद खुला केला, त्याच्याजवळ काय होते? गावकुसाबाहेरची झोपडी, तिला ना अंगण ना परस. परसबाग करायला आधी परस लागतो! २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आणली. आमच्या जिल्ह्यात तलावांतून मोठा गाळ निघाला. रस्त्यांसाठी तलावांची माती नेऊन तलाव खोल करण्याच्या कामाला तर बुलडाणा पॅटर्न असे नाव पडले. जोतीरावांची मागणी १३४ वर्षांनी सरकारी कागदावर आली याचा आम्हाला आनंद आहे. पण गाळ ज्याच्याकडे ट्रॅक्टर आणि शेत त्याच्या बांधावर पडला. भूमिहीनाने तो कोठे टाकावा?

हा प्रश्न बाबासाहेबांनी हातात घेतला. १९४६ मध्ये शूद्रांविषयीचा ग्रंथ जोतीरावांना अर्पण करणाऱ्या बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये पडीक सरकारी जमिनीवर अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती मागितल्या. दादासाहेब गायकवाडांचा १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह त्याच वाटेवरचा. त्या रेट्यातून पुढे गायरानावरील शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय झाले. १९९१ च्या निर्णयात १४ एप्रिल १९९० ही मुदत धरली गेली. त्या तारखेनंतर ज्यांनी कुदळ मारली ते सारे बाहेर. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचे आदेश दिले. धनदांडग्यांनी तळी बुजवून बांधलेल्या घरांसंबंधी ते प्रकरण होते. भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशाने दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात आहे. पण गावात नोटीस निघते तेव्हा निकालाचा पहिला भाग वाचला जातो आणि अपवादाचे पान उलटतच नाही. त्याच ई-क्लासवरील मोठ्यांच्या पक्क्या बांधकामांना नोटीस गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही. चार वाफे मेथीला मात्र गेली.

आमच्या जिल्ह्याचे जोतीरावांशी जुने नाते आहे, ते फार कमी लोकांना माहीत असते. १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलडाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक होते. ताराबाईंवर टीकेचा भडिमार झाला तेव्हा आपलेही काही लोक त्यात सामील झाले. जोतीरावांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली आणि स्वकीयांना खडसावले. आणि जोतीरावांचे पहिले मराठी चरित्र कोणी लिहिले? आमच्याच जिल्ह्यातील सत्यशोधक पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी, १९२७ मध्ये, ज्या वर्षी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. धनंजय कीरांच्या चरित्राच्या कितीतरी आधी चिखलीहून हे पुस्तक निघाले. पुण्याचा मळेकरी महाराष्ट्राला समजावून देण्याचे काम वऱ्हाडच्या मातीने केले, आणि त्याच मातीत आज सात बायांच्या खड्ड्याचा पंचनामा होतो.

शेवटची वर्षे कष्टाची गेली. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला जोतीराव फाटक्या शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि खरा हिंदुस्थान या दालनात नाही, खेड्यात आहे, असे त्यांनी राणीच्या मुलासमोर सांगितले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. पुढे पक्षाघात झाला आणि उजवा हात गेला. डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरे केले, ते त्यांच्या मागे १८९१ मध्ये छापले गेले. कंत्राटांत आणि शेतीत मिळवलेला पैसा केव्हाच समाजाच्या कामी संपला होता. औषधपाण्यासाठी सयाजीरावांना मदत करावी लागली. २८ नोव्हेंबर १८९० च्या पहाटे हा देह शांत झाला.

आपला देह जाळू नये, राहत्या घराच्या मागे मिठात पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. तसा खड्डाही तयार होता. परंतु वस्तीत दफन करता येत नाही, या कारणाने नगरपालिकेने परवानगी नाकारली, ज्या नगरपालिकेत त्यांनी सहा वर्षे सभासद म्हणून घालवली तिनेच. नियम आम्हालाही समजतो, आम्ही वकील आहोत. पण आयुष्यभर मातीशी बोललेल्या माळ्याला स्वतःच्या परसातील माती मिळाली नाही, हे वाचताना पुस्तक मिटावेसे वाटते. दत्तक पुत्र यशवंतच्या हक्काबद्दल भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीमाई टिटवे हातात घेऊन अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि त्यांनीच अग्नी दिला. दोन दिवसांनी अस्थी घराच्या मागे त्याच जागी आणून ठेवल्या. गंजपेठेतील फुलेवाड्यात ती समाधी आजही आहे.

बायांच्या नोटिशीला आम्ही उत्तर दिले आहे. पुढील तारीख महिनाअखेरची आहे. त्या दिवशी सातही जणी हजर राहणार आहेत. खड्डा मात्र उघडायचा नाही असे त्यांनी ठरवले आहे, कारण आतले खत अजून पुरते कुजलेले नाही.